पितृपक्षातलं घर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात निम्मा वाटा त्या स्वभावाचा आहे आणि उरलेला निम्मा माझ्या वडिलांच्या हट्टाचा. आम्ही दोघं डोंबिवलीत एका जुन्या चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने राहत होतो. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांची संख्या आता वयामुळे कमी झाली आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षाचा तेवढाच एक फायदा.

त्या वर्षी गौरीविसर्जनाच्या दिवशी सकाळी खाली दूध आणायला गेले तर जिन्याशेजारच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘ही इमारत राहण्यास धोकादायक आहे.’ खाली पालिकेची नोटीस चिकटवलेली. पंधरा दिवसांत इमारत रिकामी करावी, त्यानंतर पाणी आणि वीज तोडण्यात येईल. इमारतीची अवस्था आम्हाला नवी नव्हती. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून सळ्या डोकावायच्या आणि बाबा त्यांना ‘आपलं झुंबर’ म्हणायचे. तरीही ती लाल अक्षरं वाचून मी दूध न आणताच परत वर आले.

संध्याकाळी गच्चीवर मीटिंग झाली. ज्यांची घरं मालकीची होती ते बिल्डर, नवे फ्लॅट, मधल्या काळातलं भाडं असं बोलत होते. मी हात वर करून विचारलं, “आणि आम्ही?” सेक्रेटरींनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही तर भाडेकरू ना!” अठरा वर्षं आम्ही त्या घरात होतो. अकरा अकरा महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा करत अठरा वर्षं. माणसं आम्हाला जुनी समजत होती आणि कागद दर अकरा महिन्यांनी नवीन. मीटिंगमध्ये कागद जिंकला.

बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. शहात्तर वर्षांचे, ताठ, पुणेरी शुद्ध बोलणारे आणि फारसं काही न मागणारे. पण त्या रात्री त्यांनी एक अट घातली. “तळमजला बघ. बाकी कसंही चालेल.” मी म्हटलं, “लिफ्ट असली तर?” ते म्हणाले, “लिफ्ट बंद पडते. तळमजलाच.” त्यांच्या गुडघ्यांसाठी असेल असं मी धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून घर शोधायला लागले.

मी ठाण्यात चष्म्याच्या भिंगांच्या एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर भिंगं उजेडात धरून ओरखडे शोधायचे, नंबर बरोबर उतरलाय का ते बघायचं. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. म्हणून घरं बघायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, हे आपल्याला जमेल. आठवडाभरात नाकी नऊ आले.

आधी घोडबंदर रोड. कामाच्या जवळ म्हणून. तिथला एजंट मला एकोणिसाव्या मजल्यावर घेऊन गेला.

“बाबांना तळमजला हवाय,” मी म्हटलं.

“मॅडम, एकदा बघा तर खरं. हिल व्ह्यू आहे. एकदम सुकून.”

हॉलच्या खिडकीतून समोरच्या टॉवरमधल्या लोकांचं जेवण दिसत होतं. बेडरूममधून दुसऱ्या टॉवरचं. “डोंगर कुठेय?” मी विचारलं. तो मला बाथरूममध्ये घेऊन गेला आणि वरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. डोंगर बघायचा तर कमोडवर उभं राहावं लागणार होतं, आणि त्या डोंगराचे पैसे भाड्यात धरलेले होते. परत खाली येताना त्याने विचारलं, “मिस्टर कुठे असतात?”

“नाहीत.”

“ओह. एक्स्पायर?”

“सुरूच झाले नाहीत.”

तो लिफ्टमधले आकडे बघत राहिला. नंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही.

मग शीळफाट्याच्या बाजूला गेले. तिथे युरोपातल्या पर्वतांची नावं दिलेली संकुलं आहेत, आणि भाडी मला झेपतील अशी होती. पण तळमजला म्हटल्यावर एजंट हसला. तळमजल्यावर आता गाड्या राहतात. पहिल्या मजल्यावर गाड्या, दुसऱ्यावर गाड्या, पाचव्यापर्यंत गाड्या, मग माणसं. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, “चोवीस तास, मॅडम! टँकर चालूच असतात.” मी हात जोडले आणि निघाले.

एका घराने मात्र आशा लावली. ते कल्याणपलीकडे मोहन्यात होतं. जुन्या बंद कारखान्याच्या बाजूची बैठी वस्ती, दोन खोल्या, पुढे तुळस, स्वच्छ मोरी. मालक त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, बाबांच्या वयाचे. भाडं परवडणारं. ठाण्याला जायला लांब पडलं असतं, पण मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. सगळं ठरत आलं आणि मालक म्हणाले, “तर मग घटस्थापनेला या किल्ली घ्यायला.”

“काका, आम्हाला पुढच्या आठवड्यात घर सोडायचंय.”

“पण उद्यापासून पितृपक्ष लागतोय. पंधरवड्यात मी किल्ली देत नाही कोणाला. तुमच्याच भल्यासाठी सांगतो, बाळा.”

माझ्या भल्यासाठी मी रस्त्यावर यायचं, असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं असावं. काकूंनी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. ते घर गेलं.

दुसऱ्या दिवसापासून एजंटांचे फोनच थंडावले. जो उचलायचा तो म्हणायचा, “मॅडम, आता पंधरा दिवस कोण घर देत नाय, कोण घेत नाय. आम्ही पण गावाला चाललो.” इकडे आमच्या इमारतीत रोज एक टेम्पो लागत होता. रोज एक दार कायमचं बंद होत होतं. जिन्यात दिवे लावायला कोणी उरलं नव्हतं. मला झोप लागेनाशी झाली. बाबा मात्र शांतपणे आपली चित्रं गुंडाळून सुतळीने बांधत होते, जणू घर मिळालेलंच आहे आणि फक्त माझं सांगायचं राहिलंय.

पंचमीला, म्हणजे मुदत संपायला तीन दिवस असताना, त्या बाथरूमवाल्या एजंटचाच फोन आला. मला वाटलं माफी मागायला असेल. तो म्हणाला, “मॅडम, एक तळमजला आहे. ख्रिश्चन लोक आहेत, ते पंधरवडा मानत नाहीत. पण डोंगराला एकदम चिकटून आहे. लोक बघून जातात, घेत नाहीत.”

घोडबंदर रोडवरून दोन टॉवरांच्या मधून एक गल्ली आत जाते. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं बसने जातेय, ती गल्ली कधी नजरेला पडली नव्हती. आत वळलं की आवाज कमी होतो. वळणावर एक क्रूस, त्याला झेंडूची माळ. पुढे जुन्या गावातली घरं. डावीकडचं तिसरं दुमजली. वर मालकीणबाई, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर रिकामं. मागच्या भिंतीपलीकडे लगेच डोंगर सुरू होत होता. तो खिडकीतून दिसत नव्हता, खिडकीतच उभा होता, आणि त्याचं वेगळं भाडं कोणी लावलं नव्हतं.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या, हाडापेराने मजबूत, कमरेवर हात ठेवून बोलणाऱ्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, “तुमाला मासल्यांचा वास चालतो ना? आमच्याकडं रोज तळतान. मागून तक्रार नाय पायजे.”

गेले दहा दिवस मी लोकांना वचनं देत फिरत होते की आम्ही घरात मासे करणार नाही, निदान खिडकी उघडी ठेवून करणार नाही. आम्ही मूळची कोकणातली माणसं. मला त्या बाईंना मिठीच मारावीशी वाटली. “चालतो,” मी म्हटलं. “लोक घेत का नाहीत हे घर?”

“माकडं येतान. वाळत घातलेले कपडं नेतान.”

“आणि बिबट्या?”

“येतो कवा कवा. भाडं देत नाय, म्हनून ठेवत नाय.”

त्यांनी सांगितलेलं भाडं मी दोनदा विचारून घेतलं, आणि दोन्ही वेळा ते तेवढंच निघालं. अंगणातून उताराने ओट्यावर आणि ओट्यावरून घरात सरळ जाता येत होतं. नळाला पाणी होतं. मी ओट्यावर बसले आणि मला दहा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. बाईंनी पाव आणि काहीतरी आंबट-तिखट दिलं, ते मी पुसून खाल्लं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या पावाबरोबर कळलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तळमजला, उजेड, डोंगर, नळ. मग म्हणाले, “छान आहे. पण पितृपक्षात मी त्या घरात येणार नाही.”

“बाबा, तीन दिवस राहिलेत! ही इमारत डोक्यावर पडली तर आपणच पितर होऊ.”

एरवी अशा बोलण्याला ते हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. “तू सामान घेऊन जा. मी पंधरवडा संपेपर्यंत कल्याणला राहतो, मित्राकडे.” त्यांचे मित्र चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि सुनेशी त्यांचं पटत नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला मी असं कोणाच्या तरी दिवाणावर टाकून नव्या घरात जाणार नव्हते. आणि ते येणार नव्हते. मुहूर्ताशी भांडता येत नाही, बाबांशी त्याहून नाही. म्हणून मी खोटं बोलले.

आमच्याकडे एक पळवाट आहे. पंधरवड्यात घर बदलायचं असेल तर तो लागण्याआधीच चांगला दिवस बघून नव्या घरात पाण्याने भरलेला कलश ठेवून यायचा. आंब्याची पानं, वर नारळ, शेजारी दिवा. मग प्रवेश झाला असं धरतात. सामान नंतर कधीही न्यावं.

“कलश ठेवलाय मी,” मी म्हटलं. “अनंत चतुर्दशीला. कामावरून परस्पर गेले होते.”

बाबांनी चष्मा काढला. “आणि बोलली नाहीस?”

“तेव्हा नक्की नव्हतं. मोहन्याचं बघू म्हटलं आधी.”

“कुठे ठेवलास?”

“ईशान्येला.”

“पानं किती?”

“पाच.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. खोटं बोलताना नजर चुकवू नये एवढी अक्कल मला आहे. शेवटी ते “बरं” म्हणाले आणि पुन्हा सुतळी घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी स्टेशनबाहेरून तांब्याचा कलश घेतला, नारळ घेतला आणि फुलवाल्याकडून आंब्याची पानं निवडून घेतली, एकही किडकं नको म्हणून. एवढ्या घाईतही मला माझं काम चोख झालेलं हवं होतं. नव्या घरात जाऊन कलश मांडत होते तेव्हा मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“ह्ये काय?”

मी सगळं सांगितलं आणि विनवलं, “बाबांनी विचारलं तर सांगा ना, अनंत चतुर्दशीपासून आहे म्हणून.”

“मी खोटं बोलनार नाय. रविवारी चर्चला मिसाला जायाचं असतं मना.” मग माझं तोंड बघून म्हणाल्या, “पन इचारलं नाय तं सांगनार पन नाय. जा.”

अष्टमीला टेम्पो आला. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर रंगांची पेटी. मी मागे कपाटाला धरून. घोडबंदर रोडवर नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं होतं, पण मला त्या दिवशी कसलीच घाई नव्हती. गल्लीत वळलो आणि बाबांनी काच खाली केली. डोंगर बघून म्हणाले, “एवढे हिरवे मी पोरांना कधी दाखवलेच नाहीत.” मला वाटलं, जिंकलो.

ते उतरले, अंगण ओलांडलं, ओटा ओलांडला आणि उंबऱ्याशी थांबले. समोर ईशान्येच्या कोपऱ्यात माझा कलश. वर नारळ, भोवती पाच पानं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या डोक्यातून साफ गेली होती. बाबांनी तीस वर्षं मुलांना वस्तुचित्र शिकवलं. वस्तुचित्र म्हणजे टेबलावर घडी घातलेलं कापड आणि त्यावर कलश, नारळ, आंब्याची पानं. हाच संच सोमवारी मांडायचे आणि चित्र पूर्ण होईपर्यंत आठवडाभर तसाच ठेवायचे. पान पहिल्या दिवशी कसं असतं, तिसऱ्या दिवशी कुठून मुडपतं, आठव्या दिवशी कोणता रंग होतो, हे त्यांच्याइतकं ठाणे जिल्ह्यात कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. दिवसभर ओरखडे शोधणाऱ्या मला ताजं पान आणि आठ दिवसांचं पान यातला फरक सुचलाही नव्हता.

“दोन दिवसांपूर्वीची आहेत,” बाबा म्हणाले. फक्त तेवढंच. मग मागे वळले आणि ओट्यावरच्या लाकडी खुर्चीत बसले.

हमाल सामान आणत राहिले. पलंग त्यांच्या डावीकडून गेला, फ्रिज उजवीकडून. ते मांडीवर पेटी घेऊन बसलेले. टेम्पो गेला. ऊन भिंतीवर चढलं. मी आतून दोनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी बाहेर आले ती भांडायलाच.

“हो, खोटं बोलले! काय करायला हवं होतं मी? पंधरा दिवस दारोदार फिरले. सगळ्यांचे मिस्टर, सगळ्यांचे पंधरवडे ऐकून घेतले. एक घर मिळालं, तुम्हाला हवं तसं, आणि तुम्ही बाहेर बसलात! मुहूर्त एवढा मोठा झाला का तुम्हाला माझ्यापेक्षा?”

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. बाबांनी मला हातानेच बस म्हटलं. मी बसले नाही.

“तू खोटं बोललीस ते मला आवडलं,” ते म्हणाले. “मलाही ते खरं मानायचं होतं. मुहूर्ताचं काय घेऊन बसलीस? तुझ्या आईशी मी आषाढात लग्न केलं, दोन्ही घरचे ओरडत असताना.”

“मग?”

“उद्या नवमी आहे.”

मला एकदम कळेना. मग कळलं आणि मी ओट्याच्या कडेला बसले. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात, अविधवा नवमीला. आई गेल्यापासून दर वर्षी त्या दिवशी बाबा स्वतः पान वाढायचे आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर ठेवायचे. दार आतून लोटून घ्यायचे आणि अर्धा तास मला तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. मी समजत होते की ही त्यांची शिस्त.

“ती उद्या जुन्या घरी येईल,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “कलश वेळेवर ठेवला असता तर ती इथे आली असती. आता तिथे दाराला कुलूप असेल. आत कोणी नाही. ती काय समजेल?”

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. पण त्या क्षणी मला आई दिसली, बंद दारासमोर, खांद्याला पर्स, शेजारच्या दाराकडे बघत, आणि शेजारचं दारही बंद. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना सोडून आत जाववतही नव्हतं. वर्षानुवर्षं एका घरात राहून मी या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की त्या अर्ध्या तासात तुम्ही गॅलरीत काय करता.

मालकीणबाई वरच्या जिन्यात कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. खाली आल्या आणि बाबांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुमचं मी ऐकलं. मोठ्यानं बोललाव म्हनून ऐकलं.”

बाबा उठून उभे राहायला लागले. “बसा,” त्या म्हणाल्या. “उद्या जावा ना तिकडं. जेवन घेऊन जावा. आनि सांगून या तिला, आमी हिकडं रायला आलो म्हनून. मानूस घर बदलतो तवा शेजारपाजारी सांगून येतो का नाय? मग तिला नको सांगाया?”

बाबा पुन्हा खुर्चीत टेकले.

“माझा नवरा गेला तवा ह्ये घर नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मागून बांदलं. मी मग कबरीवर जाऊन सांगून आली, आता मी वरच्या माळ्यावर रायतं म्हनून. त्याच्यात काय?”

एवढं बोलून त्या वर निघून गेल्या, कारण त्यांच्या तव्यावर काहीतरी करपत होतं.

बाबा उठले, पेटी माझ्या हातात दिली आणि आत गेले. इतकं साधं, की मी दिवसभर ज्याची वाट बघितली ते माझ्या पाठीमागे घडून गेलं. मी धावत आत गेले तर ते कलशासमोर वाकून नारळ थोडा फिरवत होते. “उजेड डावीकडून येतोय,” ते म्हणाले, “मग तो असा बसवायचा.” मग मागे न वळता, “आणि पुढच्या वेळी खोटं बोललीस तर पानं वाळलेली आण.”

मला जे हसू फुटलं ते थांबेना. खाली फरशीवर बसून हसले, खोक्यांच्या मधोमध. वरून बाईंनी विचारलं, “काय झालं?” आणि बाबांनी, माझ्या शुद्ध पुणेरी बोलणाऱ्या बाबांनी, छताकडे बघून ओरडून सांगितलं, “काही नाही हो, घरात आलो!”

नवमीला पहाटे उठून मी स्वयंपाक केला. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात. आमच्या नव्या घरात पहिल्यांदा शिजला तो आईसाठीचा भात, वडे, खीर आणि तिला आवडायची ती भोपळ्याची भाजी. वरच्या मजल्यावरून त्या दिवशी तळणाचा वास आला नाही. मी काही सांगितलं नव्हतं.

डब्यात सगळं भरून आम्ही डोंबिवलीला गेलो. इमारतीच्या फाटकाला पिवळी पट्टी बांधली होती आणि एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. “काका, वर नाय सोडणार,” तो लगेच म्हणाला. “लाइट पण तोडली.” मी तोंड उघडणार होते, पण बाबाच म्हणाले, “वर नाही जायचं. इथेच.” त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर केळीचं पान मांडलं आणि मी वाढलं. वॉचमन उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. कावळे तर लगेचच आले, पण बाबांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघत होते आणि पत्ता सांगत होते.

मोठ्याने सांगत होते, वर ऐकू जाईल एवढ्या. “ठाण्याला उतर. घोडबंदर रोडची बस घे. दोन उंच टॉवर लागतील, त्यांच्या मधून गल्ली आहे, ती चुकते, लक्ष ठेव. वळलीस की क्रूस दिसेल, झेंडूची माळ असते. डावीकडचं तिसरं घर. वर मालकीणबाई राहतात, चांगल्या आहेत, तुझं जमेल त्यांच्याशी. आपण खाली आहोत.” त्यांनी हाताने सपाट जमीन दाखवली. “एकही पायरी नाही गं. सरळ चालत आत यायचं.”

आई शेवटची दोन वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. पायांतली शक्ती गेली होती, आणि खुर्चीत बसवून न्यायचं म्हटलं की ती म्हणायची, लोकांना कशाला त्रास. बाजार, देऊळ, शेजारणीचं हळदीकुंकू, सगळं तिने गॅलरीतून पाहिलं. खाली आली ती थेट खांद्यावरून. बाबांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते त्या वर्षीपर्यंत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तीन मजले चढत होते, आणि मी ते रोज बघत होते.

मला तिथेच, फाटकाशी, रडू आलं आणि त्याच वेळी कितीतरी दिवसांनी हलकंही वाटलं. बाबांनी रिकामा डबा पुसून पिशवीत ठेवला.

“सगळं सांगितलंत ना नीट?” मी विचारलं.

“सांगितलं. चल,” ते म्हणाले, “आता आपण पुढे जाऊन दार उघडं ठेवू.”